नैसर्गिक रंगीत कापसाची पैदास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगीत कापूस म्हणजे रंगवलेला कापूस का?

नाही. बोंड उमलतानाच रुई तपकिरी किंवा हिरवी असते. शेतात टिकलेले आणि सुतापर्यंत पोचलेले रंग मुख्यतः हे दोनच. तपकिरीत फिकट बदामीपासून गडद चॉकलेटीपर्यंत छटा मिळतात, हिरव्यात फार कमी. पेरूमधल्या जुन्या लांब धाग्याच्या कापसात जांभळट छटाही आढळते. निळा, काळा, लाल असे रंग पारंपरिक संकरातून येत नाहीत, कारण ते रंगद्रव्य तयार करणारी साखळीच कापसाच्या तंतूत चालू नसते.

रंग तंतूत येतो कुठून?

तपकिरी रंग टॅनिनच्या कुळातल्या द्रव्यांचा. बोंड बंद असताना ती जवळजवळ रंगहीन असतात. बोंड फुटून हवा आणि ऊन लागले की त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि रंग चढत जातो. म्हणून सकाळी नुकतेच तडकलेले बोंड फिकट दिसते आणि तेच तीन-चार दिवसांनी गडद झालेले असते. हिरव्याचे उलटे आहे. तंतूच्या आतल्या भिंतीत सेल्युलोजच्या थरांमध्ये मेणासारख्या सुबेरिनचे पातळ थर बसतात आणि हिरवा रंग त्या थरांत अडकलेल्या द्रव्यांचा असतो. पांढऱ्या रुईत मेण जेमतेम १ टक्का, हिरव्या रुईत मात्र वजनाच्या १४ ते १७ टक्क्यांपर्यंत. हा आकडा लक्षात ठेवावा. हिरव्या कापसाच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

रंगीत कापूस उत्पादनात आणि धाग्यात मागे का पडतो?

दोन कारणे आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर पैदासकार वर्षानुवर्षे चुकीच्या जागी खोदत राहतो.

पहिले कारण दुर्लक्षाचे. पांढऱ्या कापसावर शंभराहून अधिक वर्षे निवड झाली. रंगीत वाण मात्र परसात, डोंगरउतारावर किंवा जनुकपेढीच्या डब्यात पडून राहिले. बोंड लहान, फांद्या पसरट, पीक उशिरा येणारे, सरकीवर रुई कमी. हे दोष रंगामुळे आलेले नाहीत, ते चांगल्या संकराने आणि निवडीने निघतात.

दुसरे कारण रंगाशीच बांधलेले आहे. हिरव्या तंतूत सेल्युलोजची जागा मेणाचे थर घेतात, त्यामुळे भिंत पातळ राहते, तंतू कमजोर होतो आणि मायक्रोनेअर (तंतूची जाडी आणि पक्वता दाखवणारा आकडा) ३ च्याही खाली घसरू शकतो. तपकिरीत ज्या काळात तंतू लांब व्हायचा, त्याच काळात टॅनिन बनवण्याकडे कच्चा माल वळतो. त्यातच अमेरिकन कापसातल्या एलसी१ या मुख्य तपकिरी जनुकाजवळ सातव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला आहे. पांढऱ्याशी संकर केला की त्या तुकड्यात देवाणघेवाण जवळजवळ होत नाही, त्यामुळे शेजारचे नकोसे जनुक रंगाला चिकटून पुढच्या पिढीत येतात. हा भाग कितीही निवड केली तरी पूर्णपणे धुऊन निघत नाही. अतिगडद रंग आणि ३० मिलिमीटर धागा एकाच झाडावर मागणे म्हणजे निम्मी वर्षे वाया घालवणे.

रंगाचा वारसा कसा चालतो?

तपकिरी आणि हिरवा दोन्ही रंग अपूर्ण प्रभावी आहेत. गडद तपकिरी आणि पांढऱ्याच्या संकराची पहिली पिढी (एफ१) मधल्या छटेची, फिकट तपकिरी येते. एफ१ च्या स्वपरागित सरकीतून येणाऱ्या दुसऱ्या पिढीत (एफ२) ढोबळमानाने एक चतुर्थांश झाडे गडद, निम्मी मध्यम आणि एक चतुर्थांश पांढरी. प्रत्यक्षात वर्ग इतके स्वच्छ पडत नाहीत, कारण मुख्य जनुकाखेरीज छटा कमी-जास्त करणारे इतर जनुक असतात, शिवाय जमीन आणि ऊनही छटा हलवतात. तपकिरीचे एकाहून अधिक जनुक माहीत आहेत. दोन वेगळ्या तपकिरी वाणांच्या संकरातून एफ२ मध्ये पांढरी झाडे निघाली तर भेसळीचा संशय घेण्याआधी हे तपासावे.

संकर केलेल्या बोंडातून निघालेली रुई आईसारखीच पांढरी आहे. संकर फसला का?

नाही, आणि हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की चांगली सरकी त्यापायी फेकली जाते. तंतू हा सरकीच्या टरफलावरच्या एका पेशीचा वाढलेला केस असतो आणि टरफल पूर्णपणे आईचे असते. पराग कुणाचाही पडो, त्या हंगामात रुई आईच्याच रंगाची. संकराचा रंग ती सरकी पेरून वाढलेल्या झाडावर दिसेल.

याची दुसरी बाजू जास्त महाग पडते. शेजारच्या पांढऱ्या कापसाचा पराग मधमाश्यांनी तुमच्या तपकिरी प्लॉटवर आणला, तरी त्या वर्षी वेचणीत सगळी रुई एकसारखी तपकिरीच. भेसळ पुढच्या वर्षी उगवते. तेव्हा फिकट झाडे दिसली की दोष बियाण्याच्या पोत्याला दिला जातो, पण चूक आदल्या हंगामात बांधावर झालेली असते.

सरकीवरच्या आखूड लवेवरूनही निष्कर्ष काढू नका. पांढरी रुई असलेल्या कित्येक वाणांच्या सरकीवर हिरवट लव असते.

पालक कसे निवडावेत?

रंगीत पालक निवडताना रंगापेक्षा तो स्थिर आहे का हे आधी पाहावे. एकाच झाडाची स्वपरागित सरकी पेरून ओळ काढा. ओळीत एकही पांढरे किंवा फिकट झाड आले नाही तरच तो पालक धरा. पांढरा पालक निवडताना लांबीपेक्षा मजबुतीकडे अधिक झुका, कारण रंगीत बाजूकडून मजबुती हमखास खाली ओढली जाते आणि आखूड पण मजबूत धागा निदान जाड सुताला चालतो. रुईचा उतारा (कापसाच्या वजनात रुईचा टक्का) ३६ टक्क्यांच्या पुढे, बोंड ४ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त आणि त्या भागातल्या रोगांना दाद न देणारा वाण घ्यावा.

हाताने संकर करण्याची नेमकी पद्धत काय?

दुसऱ्या दिवशी उमलणारे फूल दुपारी तीननंतर ओळखू येते. गुंडाळलेल्या पाकळ्यांचा मलईसारखा शेंडा दातेरी पानांच्या वर आलेला असतो. अंगठ्याच्या नखाने फुलाच्या तळाशी, निदलपुंजाच्या कडेला गोल चीर द्या आणि हलका पीळ देऊन पाकळ्या व पुंकेसरांची नळी एकत्र वर ओढून काढा. आत छोट्या बोंडावर एक पांढरट पातळ पापुद्रा असतो. तो नखाने खरवडला गेला तर ते बोंड हमखास गळते, म्हणून चीर खोल नको. भिंग लावून एकही परागकोश मागे राहिला नाही ना ते पाहा आणि लाल कागदी नळी किंवा पिशवी चढवा.

परागदाता फूलही आदल्या संध्याकाळी शेंड्याला दोरा बांधून बंद ठेवा, नाहीतर सकाळी त्यावर आधी मधमाशी बसलेली असते. दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर, साधारण ९ ते ११ दरम्यान, कुक्षीवर पराग सर्व बाजूंनी लावा. एक नर फूल चार-पाच मादी फुलांना पुरते. आता लाल पिशवी काढून पांढरी लावा, म्हणजे शेतात एका नजरेत काय उरले ते कळते. चिठ्ठीवर आई, बाप आणि तारीख पेन्सिलने लिहा. शाईचे अक्षर पहिल्याच पावसात धुऊन जाते.

ओल्या हवेत पराग पाणी शोषून फुटतो, त्यामुळे पावसाच्या दिवशी केलेले काम जवळजवळ वायाच. चांगल्या हवेतही निम्म्याहून अधिक बोंडे गळणे नवल नाही, तेव्हा हवीत त्याच्या तिप्पट फुले धरा. संकराची फुले झाडाच्या पहिल्या बहरातली घ्यावीत. शेवटच्या बहरात झाडाकडे पोसायला बळ नसते.

प्रतिसंकर (बॅकक्रॉस) किती वेळा करावा?

पांढरा पालक पुन्हा पुन्हा वापरला की त्याचा वाटा सरासरीने पहिल्या प्रतिसंकरात ७५ टक्के, दुसऱ्यात ८७.५ आणि तिसऱ्यात ९३.७५ टक्के होतो. आमच्या मते दोन पुरेत, फार तर तीन. त्यापुढे गेल्यास मिळते काय, तर तोच पांढरा वाण फिकट रंगात, आणि छटा गडद करणारे सहायक जनुक प्रत्येक फेरीत गळत जातात. त्यापेक्षा दर फेरीला वेगळा चांगला पांढरा पालक वापरला तर निवडीला वाव राहतो.

खरी अडचण वेगळीच आहे. रंग बोंड फुटल्यावर दिसतो आणि संकर तर फुलावर करायचा असतो. फूल ते फुटलेले बोंड यात ४५ ते ५५ दिवस जातात. म्हणजे प्रतिसंकराच्या वेळी कोणते झाड रंगवाहक आहे हे ठाऊकच नसते. यावर तीन मार्ग आहेत.

पहिला, डोळे झाकून संकर: प्रतिसंकराच्या पिढीत निम्मी झाडे रंगवाहक असतात, त्यामुळे सात झाडांवर संकर केला तर किमान एक रंगवाहक मिळण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त. पण तेवढ्यावर धाग्याची निवड करता येत नाही, म्हणून निदान ३० झाडांवर संकर करून बोंडे फुटल्यावर पांढऱ्या झाडांची बोंडे टाकून द्यावीत. दुसरा मार्ग कोवळ्या बोंडाचा. सर्वांत आधी लागलेले १५-२० दिवसांचे बोंड चिरून कोवळ्या तंतूंवर टॅनिन ओळखणारे डीएमएसीए हे अभिकर्मक टाकले की रंगवाहकाचे तंतू निळसर होतात. झाड अजून फुलत असते, तेव्हा उरलेल्या बहरावर नेमका संकर करता येतो. हे तपकिरीपुरतेच, हिरव्याला उपयोग नाही. तिसरा मार्ग रेणवीय मार्कर, म्हणजे पानाच्या डीएनएतली रंगाच्या जनुकाची खूण तपासणे: रोप दोन पानांवर असतानाच उत्तर मिळते. प्रयोगशाळा हाताशी असेल तर बाकी दोन्हींच्या वाटेला जाऊच नये.

एफ२ मध्ये किती झाडे लावावीत?

फक्त गडद रंगाचे एक झाड हवे तर १६ झाडे पुरतात. ती खात्री ९९ टक्क्यांची. दोन जनुक एकाच वेळी शुद्ध रूपात हवे असतील तर ७२. पण धाग्याची लांबी, मजबुती, बोंडाचे वजन हे गुण अनेक जनुकांचे असतात, त्यामुळे ३०० ते ५०० झाडांखालची एफ२ म्हणजे नशिबावर हवाला. जागा कमी असेल तर संकरांची संख्या कमी करा, प्रत्येक संकराची झाडे कमी करू नका.

गडद रंग आणि चांगला धागा यांची गाठ कशी सोडवायची?

एफ२ मधली सर्वांत गडद झाडे उचलून त्यांचीच ओळ लावत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या पिढीत हातात आखूड, कमजोर आणि सुंदर रंगाचा कापूस येतो. ही सर्रास होणारी चूक आहे. एफ२ मध्ये मध्यम छटेची पण चांगल्या धाग्याची झाडे निवडून ती आपसात संकरित करावीत. या अधिकच्या एका फेरीत जनुकांच्या जोड्या तुटायला आणखी एक संधी मिळते. अशा दोन फेऱ्यांनंतर स्वपरागण करून गडद छटा वेगळी काढावी. मध्यम झाडाच्या ओळीत गडद झाडे पुन्हा निघतातच, तेव्हा रंग हातचा गेला अशी धास्ती बाळगायचे कारण नाही.

निवडीत किमान मर्यादा आधी ठरवा आणि नंतरच क्रम लावा. उदाहरणार्थ लांबी २५ मिलिमीटरच्या किंवा मायक्रोनेअर ३.२ च्या खाली असलेले झाड रंग कितीही मोहक असो, बाद.

रुईचा उतारा वाढला, तरी उत्पादन का वाढले नाही?

बहुधा सरकी लहान झाली. उतारा म्हणजे कापसाच्या वजनात रुईचा टक्का. रुई वाढली तरी तो वाढतो आणि सरकी हलकी झाली तरी वाढतो. म्हणून शंभर सरक्यांचे वजन आणि रुई निर्देशांक (शंभर सरक्यांवरच्या रुईचे वजन) दोन्ही काढा. शंभर सरक्यांचे वजन ८ ग्रॅम आणि उतारा ३० टक्के असेल तर रुई निर्देशांक ८ × ३० ÷ ७० = ३.४३ ग्रॅम. उतारा ३६ झाला आणि सरकी ८ ग्रॅमच राहिली तर ४.५ ग्रॅम, ही खरी सुधारणा. पण उतारा ३६ आणि सरकी ६ ग्रॅम असेल तर निर्देशांक ३.३८. कागदावर सहा टक्के वाढ, शंभर सरक्यांमागे रुई उलट कमी. शिवाय लहान सरकीची उगवण कमजोर ती वेगळीच.

धागा तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा?

झाडाच्या मधल्या फांद्यांवरची, खोडाजवळची पहिली बोंडे घ्या. शेंड्याची बोंडे अपक्व धागा देतात, तळाची मातीने माखलेली असतात. २५ बोंडांतून साधारण १०० ग्रॅम कापूस आणि ३० ग्रॅमच्या आसपास रुई मिळते, तेवढी पुरते. सगळ्या ओळींचे नमुने एकाच आठवड्यात घ्या. तपासणीआधी रुई ६५ टक्के आर्द्रतेत किमान २४ तास ठेवलेली असावी, कोरड्या रुईची मजबुती कमी भरते.

धागा तपासणी यंत्राच्या एचव्हीआय आणि आयसीसी या दोन मोडचे (मोजणीच्या पद्धतींचे) मजबुतीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एचव्हीआयचे बरेच वर असतात. अहवालात मोड लिहिलेला नसेल तर तुलना करू नका. यंत्राची प्रमाणके पांढऱ्या रुईवर बसवलेली असतात आणि काही मोजण्या प्रकाशावर चालतात, त्यामुळे गडद रुईत आकडा सरकू शकतो. प्रत्येक तुकडीत त्याच छटेचा एक ओळखीचा जुना नमुना घालून पाठवावा. रंगाची प्रत मात्र या यंत्रावर मोजूच नका. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रावर एल (उजळपणा), ए (लाल-हिरवा) आणि बी (पिवळा-निळा) ही मूल्ये घ्यावीत.

हिरवा रंग शेतातच उडतो. उपाय काय?

पूर्ण उपाय नाही. ऊन लागलेली बाजू काही दिवसांत पिवळट-तपकिरी होते, पण त्याच बोंडातला कापूस बोटांनी उकलला तर आत हिरवा सापडतो. निवड करताना हाच फरक मोजा: बोंड उमलल्याच्या दिवशी आणि आठवड्याने, आतली आणि बाहेरची छटा. ज्या ओळीत फरक कमी तीच पुढे न्या. वेचणी बोंड उमलल्यावर दोन-तीन दिवसांत, साठवण अंधारात. तपकिरीचे याच्या उलट, तो सोड्यासारख्या क्षारात धुतल्यावर अधिक गडद होतो.

उत्पादनासाठी निवड कोणत्या पिढीत करावी?

एकेका झाडावर उत्पादन पाहून निवड करणे जवळजवळ निरर्थक. शेजारी रोप मेले की उरलेले झाड दुप्पट बोंडे धरते. रंग, लांबी आणि मजबुती एफ२ पासून पाहा, बोंडाचे वजन एफ३-एफ४ च्या ओळींत आणि उत्पादन एफ५ पासून पुढे, पुनरावृत्ती असलेल्या प्लॉटमध्ये, किमान दोन ठिकाणी आणि शेजारी चांगला पांढरा तुल्य वाण लावून. फक्त जुन्या रंगीत वाणाशी तुलना केली तर कोणतीही ओळ भरघोसच दिसते.

देशी तपकिरी कापसाचा रंग अमेरिकन कापसात आणता येईल का?

थेट नाही. देशी कापसात २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. संकर जमलाच तर ३९ गुणसूत्रांचे वांझ झाड मिळते. कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट करून मार्ग काढता येतो, पण तो वर्षानुवर्षांचा आहे. अमेरिकन आणि लांब धाग्याचा बार्बाडेन्स यांचा संकर मात्र सुपीक असतो. एफ१ देखणी येते, एफ२ मध्ये अर्धवट वांझ, खुरटी, उशिराची झाडे भरपूर निघतात. बार्बाडेन्सची मजबुती हवी असेल तर एफ२ वर न थांबता अमेरिकन पालकाशी प्रतिसंकर करावा.

आतापर्यंत हाती काय लागले आहे?

कॅलिफोर्नियात सॅली फॉक्स यांनी १९८२ मध्ये तपकिरी कापसाच्या मूठभर सरकीपासून सुरुवात करून यंत्रावर कातता येईल असा रंगीत धागा निवडीतून उभा केला. ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेने २००० मध्ये बीआरएस २०० हा तपकिरी वाण दिला, त्यानंतर बीआरएस वेर्दे हा हिरवा आणि रुबी, साफिरा हे तपकिरी. भारतात धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीसीसी-१ हा देशी, डीएमबी-२२५ हा मध्यम तपकिरी आणि डीजीसी-७८ हा हिरवा, तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा वैदेही-९५ हा तपकिरी. आंध्रच्या किनाऱ्यावर कोकनाडा नावाचा खाकी देशी कापूस त्याआधी कितीतरी वर्षे पिकत होता. यातले जवळजवळ सगळे यश तपकिरीत आहे, हे सांगून ठेवलेले बरे.

शुद्धता कशी राखायची?

पैदासकाराच्या प्लॉटवर अंतरावर भरवसा ठेवू नये, प्रत्येक निवडक झाडाची फुले दोरा बांधून स्वपरागित करावीत. बियाणे वाढवताना भारतीय प्रमाणीकरणात पायाभूत बियाण्याला ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला ३० मीटर विलगीकरण अंतर धरले जाते. रंगीत कापसाला ते अपुरे आहे. मधमाश्या भरपूर असतील तिथे याच्या अनेक पट अंतर ठेवा आणि कडेच्या चार-पाच ओळींची सरकी बियाण्यात घेऊ नका.

भेसळीची झाडे काढायची वेळ पहिली बोंडे फुटताच. ती उशिरा सापडतात, तोवर त्यांचा पराग पसरून झालेला असतो. म्हणून नुसते झाड उपटून भागत नाही. त्याच्या आसपासच्या झाडांची सरकीही बियाण्यातून वगळावी.

जिनिंगच्या रुळांच्या खाचेत आधीच्या लॉटच्या सरक्या अडकून राहतात. यंत्र उघडून हवेने झाडून घ्या आणि पहिल्या पाच-दहा किलोंची सरकी बियाण्याला न वापरता बाजूला काढा. त्यानंतर लव काढायची असेल तर प्लास्टिकच्या बादलीत किलोभर सरकीला १०० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून लाकडी काठीने दोन-तीन मिनिटे ढवळा. सरकी कॉफीच्या रंगाची चकचकीत झाली की लगेच भरपूर पाण्यात ओता, चार-पाच वेळा धुवा, चुन्याच्या निवळीत बुडवून आम्ल मारा आणि तरंगणारी पोचट सरकी काढून टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्लाच्या बादलीत थोडे थोडे पाणी कधीही घालू नये, ते उसळते. पाच मिनिटे ढवळत राहिलात तर कोंब जळतो आणि उगवण कमी का झाली याचा शोध मग उगाच जमिनीत घेतला जातो.